मोडीतून परतलेल्या मोटारी

दसऱ्याला आपल्याकडे वाहनाची पूजा होते. गाडी स्वतःची असो की पोटासाठी चालविलेली टॅक्सी असो, त्या दिवशी ती धुऊनपुसून उभी राहते, तिच्या बोनेटवर हळदकुंकू वाहिले जाते आणि पुढे झेंडूची माळ झुलते. अशा संस्कारात वाढलेल्या माणसाला एक गोष्ट चटकन पटत नाही. ती अशी की, ज्या अमेरिकेने मोटार शेतकऱ्याच्या दारापर्यंत नेली, त्याच अमेरिकेने मोटार ही दोनतीन वर्षे वापरून बदलावयाची चीज आहे, असे आपल्या गिऱ्हाइकांना मोठ्या पद्धतशीरपणे शिकविले. आणि त्याहून नवलाची गोष्ट म्हणजे, हा धडा मुळीच न गिरविणारी हजारो माणसे त्याच देशात निघाली. मोडीत गेलेल्या गाड्या त्यांनी शेतांतून, गोठ्यांतून, भंगारवाल्यांच्या आवारांतून ओढून आणल्या आणि स्वतःच्या हातांनी पुन्हा चालत्या केल्या. या छांदिष्टांची हकीकत मी आज सांगणार आहे.

हकीकतीचा आरंभ अर्थातच हेन्री फोर्डपासून करावा लागतो. त्याची ‘मॉडेल टी’ गाडी १९०८ च्या ऑक्टोबरात बाजारात आली आणि १९२७ च्या मे महिन्यात बंद झाली. या एकोणीस वर्षांत दीड कोटी गाड्या निघाल्या. आरंभी साडेआठशे डॉलरला मिळणारी ही गाडी पुढे २६० डॉलरपर्यंत उतरली. कारण १९१३ साली हायलंड पार्कच्या कारखान्यात सरकत्या रांगेवर जुळणी सुरू झाली आणि ज्या सांगाड्याला पूर्वी साडेबारा तास लागत, तो दीड तासात उभा राहू लागला.

आजच्या वाहनचालकाला या गाडीत बसविले तर तो भांबावून जाईल. पायाशी तीन पेडल असत. पण डावे गिअरचे, मधले गाडी मागे नेण्याचे आणि उजवे ब्रेकचे! वेग वाढवावयाचा तो हाताने, चाकाखालच्या एका दांडीने. पेट्रोलची टाकी पुढच्या बैठकीखाली. पेट्रोल किती उरले हे पाहावयाचे असेल, तर बसलेल्यांना उठवून, गादी उचलून टाकीत काठी बुडवावी लागे. टाकीतून पेट्रोल इंजिनात उतरे ते केवळ उतारामुळे; त्यामुळे टाकी अर्धीमुर्धी असताना तीव्र चढ लागला, की पेट्रोल इंजिनापर्यंत पोहोचतच नसे. मग लोक गाडी सरळ वळवून उलटी चढवीत! सुरू करावयाची ती पुढे हँडल मारून. हँडल उलट फिरले तर मनगट मोडे, म्हणून अंगठा बाकीच्या बोटांच्याच बाजूला ठेवावा, अशी ताकीद जाणती माणसे नवशिक्यांना देत.

परंतु या गाडीचा एक मोठा गुण होता. ती गावच्या लोहाराला कळे. चार बोल्ट काढले की झाकण निघे, आणि आत जे दिसे ते समजे. शिवाय फोर्डने सर्व भाग एकाच मापाचे काढले होते. एका गाडीचा भाग दुसरीला जसाच्या तसा बसे. आपली गाडी फार वर्षे टिकावी व मालकाला ती घरच्या घरी दुरुस्त करता यावी, असा त्याचा हेतू होता. पुढे शंभर वर्षांनी कोणी ती छंद म्हणून उघडून बसेल, हे त्याच्या ध्यानीमनीही नसेल; पण त्या छंदाची सोय त्याने नकळत करून ठेवली, हे खरे.

या विचाराला टोला दिला तो जनरल मोटर्सच्या आल्फ्रेड स्लोन याने. हा १९२३ साली कंपनीचा अध्यक्ष झाला. त्याने ओळखले की, ज्याला गाडी घ्यावयाची होती त्याने ती घेतली आहे. आता त्याला दुसरी घ्यावयास लावले पाहिजे. मग दरसाल गाडीचे रूप थोडेथोडे बदलावयाचे, शेजाऱ्याच्या दारची नवी गाडी पाहून आपली जुनी वाटू लागावी अशी तजवीज करावयाची, जुनी गाडी मोबदल्यात घ्यावयाची आणि उरलेले पैसे हप्त्याने फेडू द्यावयाचे, असा क्रम सुरू झाला. त्याच सुमारास, १९२३ साली, ‘डूको’ नावाचा झटपट वाळणारा रंग निघाला. पूर्वी गाडीचा रंग वाळावयास आठवडेच्या आठवडे लागत. आता काम थोडक्यात उरकू लागले आणि निळ्या, तांबड्या, हिरव्या गाड्या रस्त्यावर दिसू लागल्या. १९२७ साली स्लोनने हार्ले अर्ल या तरुणाला आणून गाड्यांच्या रूपासाठी एक स्वतंत्र खातेच उघडले. त्याच वर्षी मॉडेल टी बंद पडली. पुढे १९४८ च्या कॅडिलॅकला विमानासारखे शेपटीचे पंख फुटले आणि ते वाढत वाढत १९५९ साली इतके उंच झाले की, गाडी उडते की काय असे वाटावे. त्या पंखांचा चालण्याशी काडीचाही संबंध नव्हता. तरी ते सुंदर होते, हेही कबूल केले पाहिजे. शोभेचा मोह आपल्यालाही काही कमी नाही. दिवाळीत कंदील करणाऱ्यांनी तरी त्याला नावे ठेवू नयेत.

नव्या गाड्या खपावयाच्या तर जुन्या नाहीशा व्हावयास हव्यात. १९३० च्या सुमारास फोर्डच्याच रूज येथील कारखान्यात जुन्या गाड्या मोडण्यासाठी एक सरकती रांग होती. एका रांगेवर गाडी जुळे आणि दुसऱ्या रांगेवर तिचे काच, कातडे, लोखंड वेगळे होई. ज्या शिस्तीने जन्म, त्याच शिस्तीने अंत!

नेमक्या याच काळात काही माणसांना जुन्या गाड्यांचे प्रेम उत्पन्न झाले. १९३५ साली फिलाडेल्फियात ‘अँटिक ऑटोमोबाईल क्लब ऑफ अमेरिका’ स्थापन झाला आणि १९३७ साली लॉस एंजेलिसला ‘हॉर्सलेस कॅरेज क्लब’ निघाला. त्या दिवसांत तीस वर्षांपूर्वीची गाडी बाळगणारा म्हणजे थोडासा सर्किट, अशीच लोकांची समजूत. त्यातच महायुद्ध आले. १९४२ च्या फेब्रुवारीत अमेरिकेत खाजगी मोटारी बनविणे बंद झाले, टायर व पेट्रोल यांचे रेशनिंग झाले आणि लोखंड गोळा करण्याची देशव्यापी मोहीम निघाली. परसात पडलेली जुनी गाडी देशासाठी देणे हे कर्तव्य ठरले. त्या मोहिमेत किती गाड्या वितळल्या असतील! देशभक्तीपुढे छांदिष्टाने काय बोलावे? ज्या वाचल्या त्या बहुधा आळसामुळे वाचल्या. कोणा शेतकऱ्याला गवताखालची गाडी बाहेर काढण्याचा कंटाळा आला म्हणून.

युद्धानंतर मात्र छंदाला भरती आली. १९५२ साली ‘क्लासिक कार क्लब’ निघाला. त्याने पॅकार्ड, ड्यूसेनबर्ग यांसारख्या युद्धपूर्व काळातील उंची गाड्यांचा कैवार घेतला. १९५४ साली अर्नेस्ट हेमिंग्ज या गृहस्थाने सुट्या भागांच्या जाहिरातींचे एक साधे पत्रक सुरू केले. आणि १९५५ साली पेनसिल्व्हेनियातील हर्शे या गावी त्या फिलाडेल्फियाच्या क्लबाचा शरद ऋतूतील मेळावा भरू लागला. तो अजून दर ऑक्टोबरात भरतो.

नोकरीच्या निमित्ताने मी काही वर्षे त्या राज्यात काढली, त्यामुळे हा मेळावा मला पाहावयास मिळाला. हर्शे हे चॉकलेटचे गाव. परंतु त्या आठवड्यात तेथे वास येतो तो तेलाचा, जुन्या रबराचा आणि तळलेल्या बटाट्यांचा. गाड्यांचे प्रदर्शन असते ते एक दिवस. खरी जत्रा असते ती सुट्या भागांच्या बाजाराची. मूठभर विक्रेत्यांपासून सुरू झालेला हा बाजार आता हजारो मांडण्यांचा झाला आहे. गंजलेले मडगार्ड, फुटक्या काचांचे दिवे, दरवाज्यांच्या मुठी, निकेलचे बिल्ले, लाकडी आरे निखळलेली चाके, रेडिएटरवरच्या पुतळ्या. आपल्या मुंबईचा चोरबाजार कोसभर पसरला आहे अशी कल्पना करावी. लोक हातगाड्या ओढीत हिंडतात. कित्येकांच्या पाठीवर पाटी लटकत असते : अमुक सालच्या अमुक गाडीचा उजवा दिवा हवा आहे. मी एक सद्गृहस्थ पाहिले. त्यांना बोटभर लांबीची एक कडी मिळाली, तेव्हा त्यांनी ती रुमालात गुंडाळून कोटाच्या आतल्या खिशात ठेवली. माझ्या आजीने पंढरपूरहून आणलेला बुक्का तसा ठेवला होता.

हे वेड जवळून पाहावयास मिळाले ते आमच्या शेजारच्या म्हाताऱ्यामुळे. पोलादाच्या कारखान्यात आयुष्य घालवून ते निवृत्त झाले होते. आमची मुले त्यांना आजोबा म्हणत, आणि तो मराठी शब्द त्यांनी कौतुकाने उचलला होता. त्यांच्याकडे १९३० सालची फोर्ड ‘मॉडेल ए’ होती. मॉडेल टीनंतर फोर्डने ही गाडी काढली. चाळीस अश्वशक्तीची, साध्या गिअरची, पेट्रोलची टाकी समोरच्या काचेच्या पुढे असलेली. आजोबांनी ती एका शेतावरच्या कोठारातून आणली, तेव्हा तिच्या बैठकीत उंदरांचा संसार होता. गाडी रस्त्यावर यावयास त्यांना नऊ वर्षे लागली. शेवटच्या तीन वर्षांत मी संध्याकाळी दिवा धरून उभा राहात असे.

नऊ वर्षे कशाला लागतात, असे वाचकांना वाटेल. एकच काम सांगतो. आजच्या इंजिनात बेअरिंगचे पत्रे तयार मिळतात. काढावे आणि नवे बसवावे. मॉडेल ए मध्ये तसे नाही. कथील, अँटिमनी व तांबे यांचा मिश्र धातू वितळवून तो इंजिनाच्या ओतकामातच ओततात. ओतकाम आधी नीट तापवावे लागते, नाहीतर धातू धरत नाही. धातू फार तापला तर जळतो, कमी तापला तर थर पडतात. ओतल्यावर तो सरळ रेषेत कोरून काढावयाचा, मग पातळ पत्र्यांच्या चकत्या घालीत आणि काढीत दांडा असा बसवावयाचा की, तो हाताने फिरला पाहिजे पण डगमगता कामा नये. हे काम जाणणारी माणसे थोडी, आणि त्यांतली बहुतेक उतारवयाची. आजोबांनी आपले इंजिन दोनशे मैलांवरच्या एका कारागिराकडे नेले आणि तेथे दोन दिवस नुसते पाहात बसले.

लहानसहान अडचणी तर पावलोपावली. गाडीची वीज सहा व्होल्टची, आणि तीही उलटी. बॅटरीचे धन टोक सांगाड्याला जोडलेले. आताच्या पेट्रोलमध्ये मद्यार्क मिसळतात, तो जुने रबर व जुने जोड खातो. साठ-सत्तरच्या दशकांतल्या गाड्या बाळगणाऱ्यांची तऱ्हा आणखी निराळी. त्यांची इंजिने शिसे घातलेल्या पेट्रोलवर वाढलेली. शिसे गेल्यावर व्हॉल्व्हच्या बैठका झिजू लागल्या, त्या कठीण धातूच्या बसवून घ्याव्या लागतात. तेलातले जस्त कमी झाले तेव्हा कॅमचे उंचवटे झिजू लागले. शिसे गेले ते मुलाबाळांच्या आरोग्यासाठी, आणि ते जावयासच हवे होते. पण जुन्या गाडीला नव्या जगात राहावयाचे तर पथ्य पाळावे लागते, म्हाताऱ्या माणसासारखे.

या मंडळींत एक जुने भांडण आहे, आणि माझ्या मते सगळ्या छंदाचे मर्म त्या भांडणात आहे. गाडी पूर्वीसारखी करावयाची म्हणजे कशी करावयाची?

एक पक्ष म्हणतो, कारखान्यातून निघाली त्या दिवशी होती तशी. या पक्षाचा मेरुमणी रेनो येथील जुगारगृहांचा मालक विल्यम हॅरा. त्याने १९४८ पासून गाड्या जमविल्या त्या सुमारे चौदाशे झाल्या. त्याच्या पदरी कारागीर होते, संशोधक होते, ग्रंथालय होते. कोणत्या साली कोणता स्क्रू वापरला याचा शोध घेतल्याशिवाय गाडीला हात लागत नसे. १९७८ साली तो वारला, धंदा दुसऱ्या कंपनीकडे गेला आणि तो प्रचंड संग्रह बहुतांशी लिलावात फुटला. उरलेल्या गाड्यांचे संग्रहालय रेनोत १९८९ साली उघडले. क्लबांचे परीक्षकही याच मताचे. अँटिक क्लबात चारशे गुणांपासून आरंभ होतो आणि प्रत्येक चुकीच्या बोल्टाला, प्रत्येक चुकीच्या नळीला गुण कापले जातात.

दुसरा पक्ष विचारतो, मग मधली पन्नास वर्षे कोठे गेली? गाडी चालली, घासली, तिच्यात मुले बसली, ती पावसात भिजली. ते सगळे खरवडून काढले तर उरते ती जुनी गाडी नव्हे, जुन्या गाडीची नवी प्रतिमा. फिलाडेल्फियाचे मेंदूचे शल्यचिकित्सक फ्रेड सिमिओने यांनी हे मत जोराने मांडले. त्यांचे संग्रहालय २००८ साली उघडले. जुन्या रंगाचा कण न् कण राखावा, असे म्हणणारे हे गृहस्थ २०२२ साली निवर्तले. त्यांच्या संग्रहातील ‘शेल्बी कोब्रा डेटोना’ ही शर्यतीची गाडी २०१४ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय ऐतिहासिक वाहनांच्या नोंदवहीतील पहिली गाडी ठरली. जुन्या इमारतींची मापे घेऊन नकाशे व छायाचित्रे काढतात, तशी या गाडीची काढली गेली, आणि ती लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये ठेवण्यासाठी.

माझे स्वतःचे मत विचाराल तर ते आजोबांनी ठरविले. त्यांच्या गाडीच्या सांगाड्यात काही लाकूड होते. ते बहुतेक कुजले होते. एका दाराच्या आतले अस्तर काढले, तेव्हा पट्टीवर शिसपेन्सिलीने लिहिलेले आकडे सापडले. पूर्वीच्या मालकाने तेल केव्हा बदलले त्याच्या त्या तारखा होत्या. १९३४ पासून १९४१ पर्यंत. पट्टी एका टोकाला पोकळ झाली होती. नवी घालावी हे उघड होते. आजोबांनी आठ दिवस काम बंद ठेवले. मग कुजके टोक तेवढे कापून तेथे नवा सांधा दिला, लिहिलेला भाग जागच्या जागी ठेवला आणि वर अस्तर शिवून टाकले. आता तो कोणालाही दिसत नाही. गाडीला रंग मात्र त्यांनी आरशासारखा दिला.

छंद आणि गरज यांत किती अंतर आहे, ते पाहावयाचे तर क्यूबाकडे पाहावे. १९५९ च्या क्रांतीनंतर अमेरिकेने १९६० पासून निर्बंध घातले व १९६२ साली व्यापार पुरता तोडला. त्या बेटावर ज्या शेवरोलेट, ब्यूक, प्लिमथ होत्या त्या तेथेच अडकल्या. नवी गाडी नाही, सुटा भाग नाही. मग रशियन इंजिने अमेरिकन पोटात शिरली, आणि गाड्या टॅक्सी म्हणून धावत राहिल्या. हर्शेचा परीक्षक अशा गाडीला शून्य गुण देईल. पण चालत राहण्यालाही काही गुण द्यावयाचे असतील, तर तिचा नंबर पहिला.

असा अनुभव आपल्याला अगदीच परका नाही. जनरल मोटर्सने १९२८ साली मुंबईत शिवडीला जुळणीचा कारखाना काढला होता. वालचंद हिराचंदांनी १९४४ साली स्थापन केलेली प्रीमियर कंपनी १९४७ पासून कुर्ल्याला क्रायस्लरच्या गाड्या जुळवू लागली; डॉज आणि प्लिमथ ही नावे मुंबईकराच्या तोंडी बसली ती त्यामुळे. पुढे येथेच गाडी बनविण्याची योजना नसलेल्या परदेशी कंपन्यांना सरकारी धोरणाने जागा उरली नाही. १९५४ साली शिवडीची जुळणी थांबली. बाहेरून गाड्या येणे दुरापास्त झाले आणि होत्या त्याच ऐसपैस अमेरिकन गाड्या मिस्त्रींनी लेथवर भाग कातून वर्षानुवर्षे चालविल्या. त्यांना कोणी छांदिष्ट म्हटले नाही. आता २०२१ च्या नियमांनुसार पन्नास वर्षांवरील गाडीला आपल्याकडे ‘व्हिंटेज’ म्हणून वेगळी नोंदणी मिळते. फी वीस हजार रुपये, आणि अशी गाडी रोजच्या वापराला काढावयाची नाही. त्या मिस्त्रींनी हा नियम वाचला असता तर ते हसले असते.

अमेरिकेतही आता प्रश्न पडला आहे तो हातांचा. गाड्या आहेत, भाग आहेत. मॉडेल टीचे कित्येक भाग आजही नवे बनतात, आणि जुन्या साच्यांतून जुन्या तऱ्हेचे टायर निघतात. पण धातू ओतणारा, पत्रा ठोकून वळविणारा, गादी शिवणारा कोठून आणावयाचा? कॅन्सस राज्यातील मॅकफर्सन कॉलेजात १९७६ पासून हा विषय शिकवितात, आणि आता त्यात चार वर्षांची पदवी मिळते. मुलेमुली तेथे रंगकाम, शिवणकाम, इंजिनकाम शिकतात आणि मोटारीचा इतिहासही.

आजोबा वारल्यावर त्यांच्या पत्नीने ती गाडी विकावयास काढली. अधिक पैसे देणारा एक व्यापारी आला होता; त्याला त्यांनी नाही म्हटले. गाडी एका तरुण शाळामास्तरणीने नेली. तिने मोटारीचे काम पूर्वी कधी केले नव्हते. दाराच्या आत काय आहे, ते मी तिला सांगितले. नंतर एका थंडीच्या सकाळी तिचा फोन आला, गाडी काही केल्या सुरू होत नाही म्हणून. मी म्हटले, डावीकडची स्पार्कची दांडी पूर्ण वर कर, उजवीकडची चारसहा घरे खाली घे, पेट्रोलचा नळ उघडला आहेस ना ते पाहा, आणि मग स्टार्टर दाब. नळ बंद होता.